काचेपलीकडचा कागदी पूल

दुबईच्या देरा भागातल्या आमच्या पहिल्या खोलीत मी भिंतीला खिळा ठोकू दिला नव्हता. "पुढच्या वर्षी परतच जायचंय," असं ऐटीत सांगायची. कॅलेंडर फ्रिजला टेकवलेलं, बसायला घडीच्या खुर्च्या. पुढचं वर्ष, पुढचं वर्ष करत या बयेने, म्हणजे मीच, सगळी उमर इथेच काढली. आणि अरबी किती शिकली? यल्ला, खलास, इन्शाल्ला. भाजीवाल्याशी घासाघीस करताना तिन्ही एका दमात!

गेल्या वर्षी सिलिकॉन ओएसिसच्या फ्लॅटमध्ये मुलगा आणि सून हुज्जत घालत होते, तेव्हा मला हसू आवरेना. सरकारी शाळेत हुशार मुलांसाठी खास विज्ञानाचा वर्ग. आपल्यासारख्या बाहेरच्यांच्या मुलांना मोजक्या जागा, अर्धे विषय अरबीत. दहा वर्षांची नात लेखी परीक्षा पास झाली होती. शेवटची फेरी उरली होती.

"अरबीत सायन्स शिकून करायचंय काय?" मुलगा म्हणाला. "उद्या नोकरी गेली तर पुण्यालाच जायचंय ना?"

"तुझा हा उद्या तुझ्या जन्माआधीपासून येतोय," सून म्हणाली. "आई, तुम्ही सांगा ना याला."

"मी काय सांगणार? हे वाक्य मीच त्याला बाळकडूतून पाजलंय."

"चेष्टा नको, आई," मुलगा म्हणाला. "तिथे एकटी पडेल गं ती. शेवटच्या फेरीत गप्प बसलेली दिसली, तर विषय खलास."

सुनेने मान्य केलं.

फेरीच्या दिवशी आम्ही तिघं वर्गाच्या काचेबाहेर उभे. आत दोघी-दोघींना कागदाचा पूल करायला दिलेला. नातीच्या जोडीला इथलीच एक अरब मुलगी. नात नुसती कागदाकडे बघत बसलेली. मुलाने सुनेकडे पाहिलं. माझे हात शिवशिवायला लागले. मुलाच्या केजीच्या मुलाखतीत बाईंनी याला गाय कशी ओरडते विचारलं, तर मागून मीच हंबरले होते! सुनेने माझा हात घट्ट धरून ठेवला.

आणि नात बोलायला लागली. दार किलकिलं होतं, ऐकू येत होतं. अरबी! घशाच्या तळातून येणारे ते उच्चार, हातवारे, वाद, मध्येच दोघींचं खिदळणं. जिच्या पाट्यांखालून मी इतकी वर्षं न वाचता चालले, ती भाषा माझ्या रक्ताच्या तोंडून झऱ्यासारखी वाहत होती. मुलगा काचेला नाक लावून उभा होता.

गाडीत त्याने विचारलं, "कधी शिकलीस गं?"

"फुटबॉल खेळताना, बाबा. ऑब्व्हियसली."

"आणि भांडत कशावरून होतात?"

"शी सेड पूल पडणार. आय सेड, वेट."

"मग?"

"पडला! सो वी मेड अनदर वन."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मुलाने सुनेला हळूच विचारलं, "त्या शाळेची बस किती वाजता येते?"