वरच्या सप्तकाचे चोवीस सूर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जालन्यात मस्तगडाच्या चौकात नाटकांच्या हंगामाची जाहिरात लागली आणि फकरोद्दीननं ती लांबूनच वाचली.

पिवळा कागद, एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला उर्दू. कार्तिकी पुनवेपासून सहा आठवडे, पुण्याकडची मोठी संगीत मंडळी, सव्वीस प्रयोग. जालन्याचं नाटकघर म्हणजे त्या रेल्वेलायनीवरचं सगळ्यात मोठं, असं जालन्याचे लोक सांगत. नांदेडचे लोक काय सांगत, ते जालन्यात कुणी विचारलं नव्हतं. हंगाम आला की तीर्थपुरीकडून गाड्या जुंपून लोक येत, भाकरी बांधून आणत, दोन-दोन खेळ बघून परत जात. या साली तर गेल्या तीन सालांत झाले नव्हते इतके प्रयोग होते. लोक जाहिरातीभोवती गर्दी करून मोठ्यानं वाचत होते. फकरोद्दीन मात्र मागच्या मागं सटकला.

वीस वर्षं त्या नाटकघराचा ऑर्गन तोच मिळवत होता. पायानं हवा भरायची ती मोठी पेटी. तिच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा असतात, नखाएवढ्या ते बोटाएवढ्या. कारागीर त्यांना सूरच म्हणतात. जिभेचं टोक कानशीनं घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. करणं एवढंच, पण घासलेलं पितळ परत चिकटवता येत नाही. म्हणून हे काम हाताचं कमी आणि कानाचं जास्त. फकरोद्दीनच्या कानाबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. त्याच्या वडिलांचं दुकान पत्र्याच्या डब्यांचं होतं, पण मस्तगडात त्याला सगळे ‘ऑर्गनवाले फकरोद्दीन’ म्हणूनच ओळखत.

दोन वर्षांपूर्वी त्याला हिवतापानं धरलं. महिनाभर कोयनेल घेतलं तेव्हा ताप उतरला, पण कानात एक बारीक शिट्टी वाजायला लागली ती थांबलीच नाही. आधी वाटलं, जाईल. मग सवय झाली. या भादव्यात एकदा दिवेलागणीला तो दारात बसला होता आणि सहज बायकोला म्हणाला, ‘‘अवंदा रातकिडे कुठं गेले सारे?’’ मैमूना दिव्याची काच पुसत होती. ती पुसायची थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या बघण्यावरून त्याला कळलं की रातकिडे कुठंही गेलेले नाहीत.

जाहिरात लागली त्याच दिवशी काकासाहेबांचं बोलावणं आलं. काकासाहेब नाटकघराचे मालक. अंगानं जाड, मनानं तसे वाईट नाहीत, पण हंगाम जवळ आला की त्यांचा जीव थाऱ्यावर नसे.

‘‘ये फकरोद्दीन, बस. अवंदा काम मोठं हाय,’’ ते हातातलं पत्र हलवत म्हणाले. ‘‘मंडळीचा ऑर्गन रेल्वेच्या वाघिनीत भिजून गेला. आपलाच वापरनार म्हनतेत. आन त्यांचे भुजंगराव गातेत काळी दोनमध्ये. इंग्रजी पट्टीतला गंधार त्यांच्या कानाला टोचतो. तर आख्खा ऑर्गन त्यांच्या सुराला लावून पाहिजे.’’

‘‘म्हंजे सारेच सूर काढायचे?’’

‘‘सारेच. पुनवेच्या आधी दोन दिवस ते येऊन राह्यले. तवा तयार पाहिजे. बराबर?’’

‘‘बराबर.’’

काकासाहेबांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, ‘‘गेल्या साली वरच्या सुरांत जरा कचकच व्हती म्हनं.’’

‘‘हवा दमट व्हती काकासाहेब.’’

‘‘अवंदा कोरडी हाय,’’ काकासाहेब म्हणाले आणि हसले.

फकरोद्दीनही हसला. कमरेच्या करदोट्याला बांधलेली ऑर्गनच्या कुलपाची किल्ली त्याला त्या वेळी फार जड वाटली.

काम सुरू झालं. खर्जाचे सूर त्यानं दातांनी मिळवले. ऑर्गनच्या लाकडी कडेवर दात टेकवायचे, दोन सूर एकदम वाजवायचे. ते जुळलेले नसले की लाकडातून एक लहर येते, हळू हळू हेलकावणारी. घासत जावं तशी ती लांबते आणि शेवटी थांबते. मधली दोन सप्तकं त्यानं कानांनी मिळवली, आणि चोख मिळवली. मग वरचं सप्तक आलं. बारा पट्ट्या, प्रत्येक पट्टीला दोन, असे चोवीस सूर. त्यानं पट्टी दाबली. पायाखालून हवा गेल्याचं त्याला कळत होतं, भात्याची फुसफुस कळत होती, पण सुराच्या जागी कानातली ती शिट्टीच वाजत होती. त्यानं दुसरी पट्टी दाबली. तीच शिट्टी. लाकडावर दात टेकवले, तर इतक्या बारीक सुराची लहर लाकडातूनही येईना.

वीस वर्षांचा अंदाज होता. इतका चढवायचा तर कानशीचे इतके हात, असं गणित बांधून त्यानं एक सूर घासला आणि मग कानशी खाली ठेवली. आपण बरोबर केलं की वाटोळं केलं, हे सांगायला नाटकघरात कुणी नव्हतं. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या.

घरी तो जेवला नाही. त्यांच्या घरात दखनी बोलत. मैमूनानं ताट सरकवत विचारलं, ‘‘क्या हुआ जी?’’

‘‘ऊपर का कुछ सुनाई नै देता मेरेकू.’’ दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं हे तोंडातून काढलं.

‘‘मालूम है,’’ ती म्हणाली. ‘‘मैं बोलूंगी तो तुमकू गुस्सा आता, इसलिए नै बोली.’’ मग तिनंच विचारलं, ‘‘मैं सुनी तो नै चलता?’’

‘‘तुझे सुर का क्या समझता?’’

‘‘सुर का नै समझता. दो जने लड रहे के नै, वो तो समझता ना! सारी उमर मोहल्ले में गई मेरी.’’

फकरोद्दीनला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. मैमूना कधी नाटकघराच्या दारातही गेली नव्हती. वीस वर्षांत त्यानं तिला कधी नेलं नव्हतं, आणि तिनंही कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नाटकघराचा रखवालदार जेवायला गेल्यावर, दोघं मागच्या दारानं आत शिरली. तिनं बुरखा वर केला आणि आधी सगळीकडे नीट बघून घेतलं. वर गुंडाळलेले पडदे, त्यांचे दोर, खालच्या खुर्च्या, सज्जा. ‘‘इत्ते लोगां बैठते?’’ तिनं हळूच विचारलं. तो म्हणाला, ‘‘इससे ज्यादा.’’ मग ती ऑर्गनशेजारी एका उलट्या पेटाऱ्यावर बसली आणि कामाला लागली.

त्यानं आधी खालचा, त्याला ऐकू येणारा सूर वाजवला आणि त्याच्यासोबत वरचा.

‘‘लड रहे,’’ मैमूना म्हणाली.

त्यानं आकड्यानं सूर ओढून काढला, टोकाला दोन हात घासले, परत बसवला.

‘‘अब?’’

‘‘अब्बी लड रहे. पर दमा दमा से. जैसे दो सौतां मेहमानां के सामने बोलतीं वैसे.’’

अजून एक हात.

‘‘अब?’’

ती डोळे मिटून बसली. ‘‘अब एकीच है.’’

असे चार दिवस गेले. रखवालदार परतायच्या आधी ती मागच्या दारानं निघून जायची. तो ज्याला वर्षानुवर्षं लहर म्हणत आला, त्याला ती भांडण म्हणे. पण तिचा कान पक्का होता. केसाएवढा फरक राहिला तरी ती मान हलवायची. त्यानं अंदाजानं घासलेला तो पहिला सूरही तिनं धरला, ‘‘ये तो गाली दे रहा,’’ म्हणून, आणि मुळाशी घासून तो त्यांनी वाटेवर आणला. चोविसावा सूर बसला तेव्हा मैमूनानं स्वतः एक पट्टी दाबून बघितली, आणि चटकन हात मागं घेतला.

मंडळी आली. मालगाडीतून पडदे, पेटारे, शिवाय स्वयंपाक्याची भांडी, सगळं उतरलं आणि दुपारी तालमीसाठी रंगमंचावर वीस-पंचवीस माणसं जमली. ऑर्गनवर धर्मराज मास्तर बसले. वाळकी बोटं, जाड चष्मा. त्यांनी खालून वर एकदा बोटं फिरवली, मग वरून खाली, आणि फकरोद्दीनकडे बघून नुसती मान डोलावली. भुजंगराव उभे राहिले, त्यांनी गंधार लावला, आणि तो ऑर्गनच्या गंधारात असा मिसळला की मागं दोर बांधणारी माणसंही थांबली.

‘‘वा!’’ भुजंगराव म्हणाले. ‘‘असा ऑर्गन मला पुण्यातसुद्धा मिळाला नाही.’’

काकासाहेब फुलून गेले. ‘‘मंग! आमचा मानूस हाय.’’

भुजंगरावांनी वरच्या सप्तकात एक तान घेतली आणि थांबले. ‘‘फक्त हा वरचा निषाद. चूक नाही हो, पण मी तिथं किंचित चढा लागतो. सवय आहे माझी. केसभर चढवा.’’

‘‘उद्या दुपारी करून ठेवतो साहेब,’’ फकरोद्दीन घाईनं म्हणाला.

‘‘उद्या कशाला? मी इथं उभा आहे. आत्ता करा, आत्ता सांगतो.’’

‘‘कर की रे,’’ काकासाहेब म्हणाले. ‘‘दोन हातांचं तर काम.’’

बोलायचं असतं तर तिथंच बोलायला पाहिजे होतं. पण एवढ्या वाहवेनंतर तोंड उघडेना. त्यानं जोडीतला एक सूर काढला, टोकाला एक हात घासला, बसवला. मास्तरांनी पट्टी दाबली.

‘‘अजून थोडा,’’ भुजंगराव म्हणाले.

त्यानं अजून घासला.

‘‘अहो, फार झाला. उतरवा.’’

त्यानं मुळाशी घासला. बोटांना घाम आला होता. कानशी सरकली की काय, ते त्याला कळलं नाही. सूर बसवला. मास्तरांनी पट्टी दाबली आणि रंगमंचावरच्या सगळ्यांनी एकदम तोंडं वाकडी केली. एकानं तर कानात बोट घातलं. फकरोद्दीन तेवढा शांतपणे वाट बघत उभा होता, आता काय म्हणतात म्हणून.

धर्मराज मास्तरांनी चष्मा काढला. त्यांनी पट्टी पुन्हा दाबली नाही. हळूच विचारलं, ‘‘फकरोद्दीनभाई, हे तुम्हांला ऐकू आलं का?’’

पितळ हलकं निघालं, असं म्हणता आलं असतं. हवेवरही ढकलता आलं असतं.

‘‘न्हाई मास्तर,’’ तो म्हणाला. ‘‘वरचं काहीच येत न्हाई.’’

‘‘मंग बाकीचे कुनी मिळवले?’’ काकासाहेबांनी विचारलं.

‘‘घासले मीच. ऐकले माझ्या घरच्यांनी.’’

कुणीतरी मागून फिसकन हसलं. ‘‘आता तबला बी सासूबाई लावतील,’’ एक जण बोलला. काकासाहेबांचा चेहरा उतरला. ‘‘तिला इथं आनलीस? नाटकघरात?’’

‘‘काम चोख आहे,’’ मास्तर म्हणाले. त्यांनी सूर काढून उजेडात धरला. जीभ मुळाशी कागदासारखी पातळ झाली होती, एक चीरही गेली होती. ‘‘हा मात्र गेला. याच्याजोगा दुसरा मुंबईहून मागवावा लागेल, आणि आठ दिवसांत यायचा नाही. फार तर जोडीचा जो उरलाय, तो चढवून बघता येईल. त्या बाईंनाच बोलवा ना. ज्यांनी चोवीस जुळवले, त्या हाही जुळवतील.’’

सगळे फकरोद्दीनकडे बघायला लागले. त्यानं ती पंचवीस माणसं बघितली. मघा हसलेला तो अजून हसतच होता.

‘‘न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘इतक्या मानसांत न्हाई यायच्या त्या.’’

मास्तरांनी मग जास्त ताणलं नाही. त्यांनी खिशातून कागदाचा कपटा काढला, घडी केली आणि त्या पट्टीखाली सरकवली, की चुकूनही दाबली जाऊ नये. ‘‘मी ती सोडून वाजवीन,’’ ते म्हणाले.

काकासाहेबांनी फकरोद्दीनला विंगेत नेलं. आवाज चढवला नाही त्यांनी. ‘‘हे बाहीर फुटलं तर तुझ्या घरचं नाव बाजारात जाईल, आन माझ्या नाटकघराचं बी. पुढच्या साली मी औरंगाबादेहून मानूस बोलावतो. किल्ली दे.’’

करदोट्याची गाठ पक्की बसली होती, त्याला सोडवायला वेळ लागला. काकासाहेब दुसरीकडे बघत उभे राहिले.

घरी मैमूना चुलीपुढं होती. त्याची चाहूल लागताच तिनं विचारलं, ‘‘क्या बोले?’’

त्यानं सांगितलं. भुजंगराव काय म्हणाले, पुण्यातसुद्धा असा ऑर्गन मिळाला नाही म्हणाले, दोर बांधणारी माणसं कशी थांबली. ती प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायला लावत होती. मग म्हणाली, ‘‘अगले साल गर्मी मेंच शुरू करेंगे. घाई नै होती.’’

तेव्हा त्याला उरलेलं सांगावं लागलं. निषाद फुटला ते, किल्ली गेली ते, मास्तरांनी तिलाच बोलवा म्हटलं ते, आणि आपण नाही म्हणालो तेही. ‘‘सारे मरदां थे वहां,’’ तो म्हणाला. ‘‘हस रहे थे.’’

मैमूना भाकरी थापत होती. एक भाजली, उतरवली, दुसरी घातली.

‘‘मेरेकू पूछते तो सही,’’ ती म्हणाली. ‘‘बुलाते तो आती थी मैं.’’

तिचा आवाज खालच्या पट्टीतला होता. त्यातला शब्दन्‌शब्द फकरोद्दीनला ऐकू आला.

हंगाम ठरल्या दिवशी सुरू झाला. सव्वीसच्या सव्वीस प्रयोग भरून गेले. कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत घोंगड्या पांघरून लोकांनी रांगा लावल्या, भुजंगरावांच्या गाण्याला टाळ्या पडल्या. एक सूर वाजत नाही, हे गावात कुणाच्याच ध्यानात आलं नाही.