न पाठवलेल्याची पोच

परवा शाहूपुरीतून जाताना गुळाचा वास आला आणि पाय आपोआप मंदावले. इथंच एका गुळाच्या गोदामावर आमचं ऑफिस होतं. जिन्यानं तो वास वर यायचा, कपड्यांना चिकटून घरापर्यंत यायचा. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी नीट बोलतात का, हे तपासायचं आमचं काम. माझा कॉम्प्युटर माहिती पाठवायचा, समोर बसणाऱ्या चंदगडच्या मुलीचा ती मिळाल्याची पोच द्यायचा. त्या दिवशी ती मुद्दाम खोटी पोच देत होती. मी जे पाठवलंच नव्हतं, तेही मिळालं म्हणून कळवत होती. खरं तर प्रोग्रॅमनं असली पोच सोडून द्यायला हवी. आमचा मात्र तिच्यावर विश्वास ठेवायचा, तेवढी माहिती न पाठवताच पुढं जायचा. "लई खुळं हाय की रं हे!" म्हणत ती इतक्या मोठ्यानं हसली, की खालचे हमाल पोती खांद्यावर तशीच धरून वर बघायला लागले. संध्याकाळपर्यंत आम्ही त्याला शहाणा केला. तो तिचा ऑफिसातला शेवटचा दिवस. तिला बंगळूरला नोकरी लागली होती. स्टँडवर गाडी सुटायला आली, तेव्हा कुठं मला धीर आला. "तुला एक सांगायचं होतं," मी म्हटलं. खिडकीतून वाकून ती म्हणाली, "कळलंय की मला. जा आता, घरात जेवायचं थांबलं असतील." गाडी गेली. मी तेवढ्यावरच खूश होऊन घरी आलो. तिला नेमकं काय कळलं होतं, कुणास ठाऊक. सांगायचं होतं ते अजून माझ्याकडंच आहे.