सिंहांची तोंडं

ओळंब्याची दोरी भिंतीला टेकत होती. ती टेकायला नको होती. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे की नाही ते सांगणारं. पुलाच्या कठड्यावरून मी तो खाली सोडला होता आणि मधेच भिंतीचं पोट त्याला आडवं आलं होतं. चार बोटं. महिन्यापूर्वी बांधकाम खात्याची इंजिनिअर म्हणून मीच पाहणी करून "पूल सुस्थितीत" असं लिहून दिलं होतं.

तीन दिवस पावसाची झड लागली होती. त्यात बाजाराचा दिवस. माझ्या पाठीमागून ऑटो, मोटारसायकली, भाजीच्या बंड्या आणि निम्मा तालुका चालला होता.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाचा हा पूल इंग्रजांच्या काळातला, गेल्या शतकाच्या सुरुवातीचा. कापसाच्या बैलबंड्या नदीपलीकडे जिनिंग कारखान्यात नेता याव्यात म्हणून बांधलेला. काळ्या दगडाच्या पाच कमानी, कठड्यावर कोरलेली कमळं, बिडाचे दिव्याचे खांब आणि दोन्ही अंगांना ओळीने सिंहांची तोंडं. बंड्यांसाठी एवढी नक्षी कशाला, असं मला नेहमी वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी पुलाचं सुशोभीकरण झालं. खाली काठाकाठाने फिरायला फरशीची वाट केली. पावसात सिंहांच्या तोंडातून त्या नव्या फरशीवर लाल पाणी गळायचं. "सिंह लाळ गाळतात," अशी गावात थट्टा सुरू झाली. मी इस्टिमेटमध्ये एक ओळ घातली: तोंडं एक फूट खोल काँक्रीटने बंद करणे. सिंहांना सोनेरी रंगही दिला.

ओळंबा टेकल्यावर मला आठवलं ते ऑफिसात माझ्याच खुर्चीमागे टांगलेलं जुनं ड्रॉइंग. काचेआड प्रत्येक सिंहामागे तुटक रेषा होत्या. त्याही नक्षीच समजून मी कधी वाचल्या नव्हत्या. कमानीवर दोन बाजूंना भिंती असतात, मधे मुरूम भरलेला असतो आणि त्यावर रस्ता. रस्त्यातून झिरपलेलं पाणी मुरमातून बाहेर पडायची वाट म्हणजे ते सिंह. ती वाट मी बुजवली होती. आता ओला मुरूम भिंतीला बाहेर ढकलत होता.

साहेबांना फोन लावला.

"मॅडम, आज बाजार आहे. पूल बंद केला तर बोंबाबोंब होईल. उद्या बघू."

"सर, पूल उद्यापर्यंत थांबेल की नाही, मला सांगता येत नाही."

ते म्हणाले, "लेखी देता?"

"देते."

पोलिसांनी दोन्ही टोकांना बॅरिकेड लावले. एक बाई डोक्यावरची टोपली सावरत माझ्यावर ओरडली, "शंभर वर्सं काई झालं नाई पुलाले! आजच काहून पडते?" मला उत्तर माहीत होतं. मी तिला मागे फिरायला सांगितलं.

पूल रिकामा झाला, पण भीती गेली नाही. आत पाणी तसंच होतं आणि वरून झड चालूच. एक फूट काँक्रीट फोडायचं म्हणजे मशीन लावावी लागणार. त्या हादऱ्यानेच भिंत खाली आली असती.

मी बोरी अरब गावच्या गौतमकाकांना बोलावलं. दगडकामातला जुना मिस्त्री. सिंहांची तोंडं त्यांनीच बंद केली होती. त्यांनी फुगलेल्या दगडांवरून तळहात फिरवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मॅडम, एक सांगतो. रागावू नोका."

"बोला काका."

"सिमिट नुसतं तोंडालेच हाय. बोटभर. आत बारदाना कोंबला हाय म्या."

"काय? गोणपाट? मी एक फूट सांगितलं होतं!"

"अन् म्या तुमाले सांगतलं होतं का हे पान्याची वाट हाय म्हून. तुमी म्हनल्या, सांगतलं तेवढं करा. तुमचं बी ऐकलं, दगडाचं बी ऐकलं."

त्यांनी खरंच सांगितलं होतं. मी तेव्हा फोनवर होते.

फरशीवर शिडी लावली. वर फुगलेली भिंत, खाली आम्ही दोघं. काका म्हणाले, "तुमी दूर राहा." मी शिडी धरली. धाडस वगैरे काही नव्हतं, ओल्या फरशीवर शिडी सरकत होती आणि धरायला दुसरं कुणी नव्हतं. छिन्नीचा एकेक टोला मला दातांत जाणवत होता. एक खपली उडाली. काकांनी वाकवलेला गज सिंहाच्या घशात घातला आणि ओढला. कुजलेल्या बारदान्याचा बोळा निघाला. क्षणभर काहीच नाही. मग लाल पाण्याचा लोट माझ्या खांद्यावर असा आदळला की मी किंचाळलेच.

"येऊ द्या, येऊ द्या," वरून काका म्हणाले.

फुगलेल्या भागात चार सिंह होते. चारही उघडेपर्यंत दुपार झाली. संध्याकाळी पुन्हा ओळंबा सोडला. चार बोटं ती चारच. फुगलेली भिंत आपोआप आत जात नाही, पण ती वाढली नव्हती. पुढे दोन महिने पूल बंद ठेवून ती उतरवली आणि तेच दगड परत रचले. बाकीच्या सिंहांची तोंडंही उघडली. त्यांचा सोनेरी रंग आता लाल पाण्याने निघून गेलाय.

चौकशीत मी सगळं लिहून दिलं. झालेलं काम मोजून नोंदवायची आमची वही असते, मेजरमेंट बुक. त्यात माझ्या अक्षरात नोंद होती: "खोली एक फूट, तपासले." खाली सही. मी तपासलंच नव्हतं. साधा गज घालून पाहिला असता, तर बारदाना सापडला असता. मी काकांना चार गोष्टी सुनावल्या असत्या आणि समोर उभी राहून काँक्रीट भरून घेतलं असतं. मग त्या बाजाराच्या दिवशी छिन्नीने काही झालं नसतं.

माझ्या आळशीपणाने पूल वाचला. हे कुणाला शिकवण्यासारखं नाही. पण आता साइटवर मिस्त्री काही बोलायला लागला की मी फोन ठेवते, पेनाला टोपण लावते आणि त्याचं पूर्ण ऐकून घेते.