मागची रांग

नूरमोहम्मद उजेडाच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसे. चिंचवड स्टेशनाजवळ त्याचं एका खोलीचं फोटोचं दुकान होतं. १९५५ साल उजाडलं तरी उजेड मोजायचं यंत्र त्यानं घेतलं नव्हतं. तो अंगणात हात धरी, जमिनीवर पडलेली सावली बघे आणि ठरवी. सावलीची कड धारदार असली की भिंगाचं भोक बारीक, कड पुसट असली की मोठं, आणि घरात फोटो काढायचा तर झाकण काढून मनात चारपर्यंत आकडे. हा माणूस चुकत नाही, असं लोक म्हणत. तोही म्हणे, जरा जास्तच.

त्या वैशाखात गावातल्या शाळेची इमारत पुरी झाली आणि फोटोची वेळ ठरली भर दुपारची. मानकरी पुढं, कामकरी मागं, ही आपली रीत. पांढरीशुभ्र पागोटी घालून यशवंतराव पाटील आणि मंडळी खुर्च्यांवर उन्हात बसली. ज्यांनी भिंती उभ्या केल्या ते गवंडी मागं, कडुनिंबाच्या दाट सावलीत. उजेड दोन तऱ्हेचा आणि कॅमेरा एक. भोक मोठं ठेवावं तर पुढच्यांची तोंडं पिठात बुडवल्यासारखी येणार, बारीक ठेवावं तर मागचे काळे. गवंड्यांना चार पावलं उन्हात बोलावलं असतं तर काम भागलं असतं. पण पाटलांच्या शेजारी गवंडी उभे करायचे कुणी? नूरमोहम्मदनं भोक बारीक केलं. फोटो झकास आला. पाटलांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा.

आषाढात पिंपरीकडं एका बांधकामावर परांची मोडली आणि त्या गवंड्यांतला भिमाजी खाली आला. तो पुन्हा उठला नाही. महिन्याभरानं त्याची बायको मंजुळाबाई दोन वर्षांची पोर कडेवर घेऊन दुकानात आली.

“नूरभाई, ह्यांचा दुसरा फोटू न्हाई. शाळंच्या फोटूतलं तोंड तेवढं काढून द्या. पोरीला बाप दावायला पायजे.”

त्यानं पेटीतून त्या फोटोची मूळ काच, म्हणजे निगेटिव्ह, काढली आणि तीन दिवस तिच्याशी झटला. उजेड कमी करून बघितला, पुढची रांग झाकून बघितली, आठ कागद वाया घालवले. भिमाजीच्या तोंडाजागी कधी काळा डाग आला, कधी करडा. काचेवर ती जागा कोरीच होती. काचेवर जे उमटलंच नाही, ते कागदावर कुठून येणार?

चौथ्या दिवशी मंजुळाबाई आली तेव्हा त्याचा ताठा गळाला होता. त्यानं सगळं सांगून टाकलं, उन्हाचं, सावलीचं, भोकाचं.

“म्हंजी जरा फुडं हुबं केलं असतं, तर आलं असतं?”

“हो.”

ती बराच वेळ पोरीच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

“ऱ्हाऊ द्या मग. पर तुमी डोक्यावर काळं कापड घिऊन लई येळ आत बघत हुता. मी तितंच भिताडाकडंला हुते. आत ह्ये कसं दिसत हुतं, त्येवढं सांगा. हसत हुतं का? म्या पोरीला तसंच सांगीन.”

हसत होता, एवढं म्हणून टाकलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण नूरमोहम्मदला पागोटी आठवली, मिशा आठवल्या, खुर्च्यांचे हात आठवले. भिमाजी काही केल्या आठवेना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाई,” तो म्हणाला, “मी तिकडं बघितलंच नव्हतं.”