पहिला फेरा आबांचा

आबांविषयी मी लिहावं, हे मलाच थोडं आगाऊपणाचं वाटतं, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेच्या निबंधापलीकडे काही लिहिलेलं नाही. शिवाय मी जिथे चुकलो, तीच गोष्ट सांगायची आहे.

आबा पाण्याला घाबरायचे. उभा जन्म तापीत जाळं टाकलेला हा आमचा शेजारी काठावर चारचौघांत म्हणायचा, "माले पाणीनं भ्याव वाटस." लोक हसत. आबा शांतपणे सांगत, "हसा. पन ज्याले भ्याव नही, त्याना नावमा बसू नका."

बंधारा झाल्यापासून आमच्याकडे नदी रुंद आणि खोल झाली आहे. शाळा, बाजार आणि आमचं अर्धं शेत पलीकडे. सकाळी कोणाचीही नाव सुटायची असो, आधी आबा एकटेच तिच्यात बसून मधल्या धारेपर्यंत जाऊन येत. "पहिला फेरा मना," एवढंच म्हणत. ते परतेपर्यंत बाकीच्यांनी काठावर थांबायचं. घाई असलेली माणसं कुरकुरत, पण थांबत.

आमची लाकडी नाव खिळखिळी झाली, तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, इंजिनाची जुनी बोट घ्यायचं ठरवलं. घरच्यांना नदी ओलांडता यावी आणि मासेमारीही व्हावी, अशी एकच बोट हवी होती. विकणाऱ्याकडे फायबरच्या दोन होत्या. एक काळवंडलेली, बसायला नुसत्या दोन फळ्या. दुसरी कुठल्याशा तलावावर सहलीसाठी चाललेली. निळा ताजा रंग, गाद्यांच्या खुर्च्या, वर छत. माझी धाकटी बहीण सुमी त्या गादीवर बसली ती उठेचना.

आबा म्हणाले, "जाळं वढतांना बठ्ठा माणसं एकच बाजूले येतस. वर हाई छत, मधमा खुर्च्या. कलंडी जाई." मग त्यांनी दोन्ही बोटींची इंजिनं काढायला लावली, बोटी विटांवर ठेवल्या आणि बादल्यांनी आत पाणी भरायला सुरुवात केली.

विकणारा हसला. "आबा, बोट पाण्यात टाकतात. बोटीत पाणी टाकणारे तुम्हीच पाहिले."

"बाहेरलं पाणी मझार येतांना दखात नही, भाऊ," आबा म्हणाले. "मझारलं बाहेर जातांना दखास."

काळी बोट तासाभराने बाहेरून तशीच कोरडी होती. निळीच्या मागच्या फळीतून, जिथे इंजिन टांगतात तिथून, रंगाखालून चहासारखं पाणी ठिबकू लागलं. आबांनी ते बोटावर घेऊन हुंगलं. "मझारलं लाकूड कुजेल शे. हाई नको."

अप्पांचा जीव निळीत अडकला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकेल शे. तू सांग."

मी मोबाइलवर दोन दिवस वाचून आलो होतो. म्हणालो, "फायबर कुजत नाही, अप्पा." ते खोटं नव्हतं; फायबरच्या आत लाकूड असतं, एवढं मात्र मी वाचलं नव्हतं. पहिल्यांदाच घरात कोणी माझं मत विचारलं होतं. आबांनी वाद घातला नाही. निळी बोट आली. अप्पांनी त्या फळीवर लोखंडी पट्टी ठोकून घेतली.

आबा रुसले नाहीत. फक्त त्या दिवसापासून आमच्या बोटीचा पहिला फेरा त्यांनी एकदाही चुकवला नाही. ताप असला तरी घोंगडी पांघरून येत. एक हात इंजिनावर, दुसरा त्या फळीवर.

मी कॉलेजसाठी जळगावला मेहरूणमध्ये खोली घेऊन राहू लागलो. फायबरच्या आत लाकूड असतं, ते तिथे वाचलं. सुमीच्या शाळेची वेळ झाली की मी लगेच फोन करायचो, "पोहोचलीस?" ती वैतागायची. "आबाना फेरा झाया, मंगच बसनूत ना आम्ही."

एकदा आबांनाच विचारलं, "फळी कशी आहे?"

"ऐकी ऱ्हायनू," ते म्हणाले. "ती बोलनी का पहिले माले समजी. तू अभ्यास कर."

त्याच दिवशी अप्पांना सांगायला हवं होतं की मी चुकलो, बोट बदला. लाज वाटली. उद्या सांगू म्हटलं, आणि त्या उद्यावर कितीतरी दिवस गेले.

मग एका सकाळी, मी करण्याआधीच, सुमीचा फोन आला.

"भाऊ, आबा गयात." तिचा आवाज अगदी बारीक होता. "धारमा फळी तुटनी. इंजिन पाणीमा गये, बोट मांगून भरनी. अप्पा पव्हत गयात, पन उशीर झाया."

मी विचारलं, "आणखी कोण होतं बोटीत?"

"कोनी नही," सुमी म्हणाली. "आम्ही बठ्ठा काठवर उभा व्हतूत. पहिला फेरा व्हता."