इंचभर ढाळ आणि गाडीचा डोळा

आमच्या सूनबाईला तिच्या वर्कशॉपमध्ये सगळे 'अर्धा सूत' म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आम्हा गवंडी-सुतारांचं माप. त्याच्याही निम्म्यावरून जी भांडते, तिला दुसरं काय म्हणणार? लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं मी बसवलेल्या दाराकडे बघून सांगितलं, "बाबा, वरची बिजागरी केसभर खाली आहे." मी चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी गुपचूप मोजली. होती.

तिचं काम गाड्यांच्या पुढच्या काचा बसवण्याचं. पूर्वी काच म्हणजे नुसती काच. आता विजेच्या गाड्यांत काचेच्या आतून, आरशामागे, कॅमेरा असतो. वेग ठरवून दिला की स्टिअरिंग तेवढं आपल्या हाती. पुढचं वाहन हळू झालं की गाडी आपणहून हळू होते, ते थांबलं की थांबते. सगळी मदार त्या एका डोळ्यावर. काच बदलली की त्याला सरळ बघायला नव्यानं शिकवावं लागतं. त्यासाठी गाडीसमोर ठरलेल्या उंचीवर काळ्यापांढऱ्या चौकटींचा फलक उभा करतात. यंत्रावर हिरवी खूण आली की इतरांचं काम संपतं. हिचं नाही. ही गाडी मोठ्या रस्त्याला नेते, एखाद्या टँकरच्या मागे लावते आणि अंतर नीट राखतेय ना बघते, मगच किल्ली देते.

मी एकदा विचारलं, "त्या डोळ्यावर भरवसा ठेवावा का गं?"

"ठेवावा, पण आपले मिटून नाही. समोरून ऊन आलं, धुकं आलं की तो सांगतो, मला दिसत नाही, आता तू बघ. असा डोळा चांगला. न दिसता दिसतंय म्हणतो तो वाईट."

तर एके दिवशी घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करणारी एक नर्सबाई परत आली. तीनच दिवसांपूर्वी काच बदलून नेली होती. म्हणाली, "रस्ता मोकळा होता आणि गाडीनं करकचून ब्रेक लावला. मागचा ट्रक वीतभर अंतरावर थांबला. आता मला या गाडीत बसायचीच भीती वाटते, आणि माझे पेशंट तर वाट बघतात."

मालक म्हणाले, "आमच्या यंत्रावर हिरवं आलं होतं. दोष गाडीचा, कंपनीकडे जा."

सूनबाई मध्येच बोलली, "काच मी बसवलीय. ही गाडी सरळ बघेपर्यंत मी दुसरी काच हातात घेणार नाही."

"शनिवारपर्यंत बघ," मालक म्हणाले, "नाहीतर सोमवारपासून दुसरीकडे काम शोध." नोकरी गेली असती तर घराची घडी विस्कटली असती. पण ही बाई काच पुसत उभी, जशी काही शेजारणीची नोकरी चाललीय.

शुक्रवारी तिनं मला शेजारी बसवून गाडी काढली. टँकरमागे गाडी गुणी बाळासारखी चालली. रस्ता मोकळा झाला, वर गावांची नावं लिहिलेली आडवी पाटी आली, आणि गाडीनं असा हिसका दिला की माझी कवळी हलली.

"काय गं, भूत दिसलं का हिला?"

"पाटी दिसली, बाबा. वरची पाटी हिला खाली, वाटेत आडवी आल्यासारखी दिसते. टँकरमागे ती टँकरआड जाते, म्हणून त्या दिवशी कळलं नाही. म्हणजे शिकवताना मी फलक वर धरला."

वर्कशॉपमध्ये येऊन तिनं फलक मोजला. जमिनीपासून उंची बरोबर. पुन्हा मोजला, पुन्हा बरोबर. मी आपला कोपऱ्यात बसलेलो. कुणीतरी फलकामागच्या भिंतीपाशी बादली ओतली आणि पाणी सरसर दाराकडे निघालं. महिन्यापूर्वी वर्कशॉपच्या जमिनीचा तो आतला निम्मा भाग उखडला होता, नवी जमीन मीच करून दिली होती. माझी छाती फुगली. म्हटलं, "बघ, एक थेंब राहत नाही. याला म्हणतात काम."

ती फडकं हातात घेऊन पाण्याकडे बघतच राहिली.

"बाबा, ढाळ किती दिलाय?"

"दहा फुटांत एक इंच. हातच बसलाय. मोरी असो की महाल."

"कुणी सांगितला होता?"

"ढाळ काय सांगायचा असतो होय?"

ती मटकन खालीच बसली आणि हसू लागली. गाडी दाराजवळच्या जुन्या सपाट जमिनीवर, फलक माझ्या चढावर, इंचभर उंच. अर्ध्या सुतासाठी भांडणारीला मी घरचा आहेर दिला होता, चांगला आठ सुतांचा.

"मग तू जमीन मोजली का नाहीस?"

"तुम्ही केली होती म्हणून," ती म्हणाली.

तिनं फलक इंचभर उतरवला, डोळ्याला पुन्हा शिकवलं, आणि शनिवारी सकाळी त्या पाटीखालून सात वेळा गाडी नेली. एकदाही अडली नाही. आठव्या खेपेला नर्सबाईलाच चालवायला बसवलं. पाटी मागे गेल्यावर त्या बाईनं सोडलेला श्वास मला मागच्या सीटवर ऐकू आला.

मालकांनी विचारलं, "चूक कुणाची?"

"माझी. जमीन न मोजता फलक उभा केला. आणि नवी जमीन झाल्यापासून आणखी अकरा गाड्या गेल्यात. त्या परत बोलवायच्या."

"अकरा जणांना कोण सांगणार?"

"मी." आणि तिथंच तिनं पहिला फोन लावला. मालक स्वतःच वही काढून पुढचे नंबर सांगू लागले. सोमवारी ती कामावर होती.

मीही होतो, छिन्नी-हातोडा घेऊन. माझाच ढाळ मी फोडला आणि जमीन आरशासारखी सपाट केली. काम झाल्यावर ती माझ्याच पिशवीतली पाणसळ घेऊन गुडघ्यावर बसली आणि माझ्यादेखत टोकापासून टोकापर्यंत मोजत गेली. पाणसळीतला बुडबुडा मधोमध थांबला, तरी एका जागी तिनं दोनदा ठेवून बघितली.

मी चार दिवस अबोला धरला नाही. तिच्याबरोबर वाकून बुडबुडाच बघत होतो.