आणखी एका ठिकाणी

आल्या आल्या ते राउटरची वायर उपटायचे. कुणी ऑफिसच्या कॉलवर असो, कुणाचं काही डाउनलोड होत असो, वायर हातात धरून विचारायचे, "आता चालतंय का बघा." खालच्या चष्म्याच्या दुकानातून मालक ओरडायचे, कारण इंटरनेट त्यांचं होतं. हे वरूनच उत्तर द्यायचे, "जरा कळ काढा, टेस्टिंग चालू आहे."

शनिवार पेठेतल्या त्या खोलीत आम्ही रविवारी सकाळी जमायचो, फुकट काम करायला. नोकऱ्या सगळ्यांना होत्या. हे वेड वेगळं. वायर उपटणारे हे गृहस्थ एक ब्राउझर बनवत होते, कुणीही घ्यावा आणि कुणीही बदलावा असा. नेहमीची वेबसाइट कुठल्या तरी कंपनीच्या संगणकावर असते. कंपनीनं बंद केली की संपली. यांच्या ब्राउझरमध्ये जो कुणी पान उघडेल त्याच्याच फोनमध्ये त्या पानाची प्रत राहायची आणि पुढच्याला ती तिथून मिळायची. मधे मालक नाही, म्हणून बंद करणाराही नाही.

"सर" म्हटलेलं त्यांना खपत नसे. "इथं सर कुणी नाही," हे ते अशा आवाजात सांगायचे की समोरच्याच्या तोंडून "सॉरी सर"च निघायचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, सगळे समान आहेत हे दरडावून सांगणारी. पण एखाद्या नवख्याला ब्राउझरचं ॲप फोनवर घेता आलं नाही, तर तासभर त्याच्या शेजारी बसायचे आणि आपल्या डब्यातलं थालीपीठ त्याच्यापुढं सरकवायचे. मला ते फार आवडायचे.

आमच्यातली सगळ्यात पक्की टेस्टर रुबीना, घोरपडे पेठेतली. "खोटे फोटो टाकून काय कळणार?" म्हणत तिनं धाकट्या बहिणीच्या मंगनीचे, म्हणजे साखरपुड्याचे, फोटो एका पानावर चढवले आणि सगळ्या नातेवाइकांना ॲप घ्यायला लावलं. वाघोलीच्या खालापासून लोणी काळभोरच्या मामूंपर्यंत सगळ्यांनी ते पान उघडलं. सर इतके खूश झालेले मी पुन्हा पाहिले नाहीत. त्यांनी पेढे आणले. मंगनीचे की ॲपचे, ते काही सांगितलं नाही.

काही महिन्यांनी मुलाकडच्यांनी मंगनी मोडली. रुबीनानं स्वतःच्या फोनमधलं पान पुसलं. इतरांच्या प्रती होत्याच, त्यामुळे पान उघडतच राहिलं.

"सर, सगळीकडून एकदम काढायची सोय करा. दुसरं स्थळ येतंय. त्या लोकांनी हे बघायला नको."

"तशी सोय नाही."

"मग आता करा."

"आज तुमच्या बहिणीसाठी केली की उद्या कुठलाही पुढारी वापरेल. मग हे सगळं केलं कशाला?"

"पुढाऱ्याचं पुढारी बघेल, सर. माझ्या बहिणीचं कोण बघणार?"

ते हटले नाहीत. मला त्यांचा तेव्हा मनापासून राग आला, आजही येतो. पण नंतर कळलं की गृहस्थ रजा टाकून पीएमटीनं हिंडतायत. रुबीनाकडून पत्ते घेऊन एकेका नातेवाइकाच्या दारात जायचे आणि "ते पान तेवढं पुसा" म्हणून हात जोडायचे. काम एका ओळीच्या आदेशानं झालं असतं, पण तो आदेश लिहायचा नाही म्हणून हा माणूस उन्हात बसथांब्यावर उभा. मामू तर वैतागलेच होते. "पुसलं म्हनलं ना, साहेब. आता फोनच घिऊन जाताय का? चा घ्या न् जावा."

सगळ्यांनी पुसलं, तरी त्यांच्याकडं पान उघडायचं. खाली एक ओळ यायची: आणखी एका ठिकाणी उपलब्ध. कुठल्या ठिकाणी, ते ब्राउझर सांगत नसे. न सांगण्याची करामत यांचीच. ते रोज बघायचे, घरी लॅपटॉपवर, बाहेर फोनवर, आणि रविवारी आमच्यावर घसरायचे. "तुमच्याकडंच आहे," मला म्हणाले. मी माझा फोन त्यांच्यापुढं टाकला आणि म्हटलं, घ्या, शोधा. हळूहळू लोक यायचे कमी झाले.

मग एका रविवारी रुबीना आली. बसली नाही.

"सर, तुमचा फोन बंद करा. लॅपटॉपही."

त्यांनी केले. तिनं आपल्या फोनवर पान उघडून पाहिलं. उघडेना. माझ्याही फोनवर उघडेना.

हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि ज्यांनी ब्राउझर लिहिला त्यांच्याही नाही. पान गेलं का हे बघायला ते उघडायचे, आणि उघडलं की त्यांच्याकडं प्रत राहायची. लॅपटॉपला ते त्यांच्याच फोनकडून मिळायचं आणि फोनला लॅपटॉपकडून. बाकीच्यांनी केव्हाच पुसलं होतं.

"त्या दुसऱ्या स्थळातल्या मुलाच्या आईला कुणीतरी पानाचा पत्ता पाठवला," रुबीना म्हणाली. "तिनं परवा ॲप घेतलं, फोटो पाहिले आणि ॲप काढूनही टाकलं. आता ते नाही म्हणतायत. तिला ते फोटो तुमच्याकडून मिळाले, सर."

त्यांनी लॅपटॉप पिशवीत भरला. चेन लागत नव्हती, तर तशीच उघडी पिशवी छातीशी धरून जिना उतरले.

ते पुन्हा आले नाहीत. महिन्याभरानं त्यांनी पान सगळीकडून काढायची सोय लिहून पाठवली, सोबत एक शब्दही नव्हता. रुबीनानं ती तपासली, "चालते" एवढंच लिहिलं आणि तिनंही यायचं सोडलं.

मी त्यांना फोन केला. सोय चालते, म्हणून सांगितलं.

"तिच्या बहिणीचं जमलं का?"

"नाही. ती आता लग्नच नको म्हणते."

त्यांनी फोन ठेवला, आणि त्यानंतर माझा फोन कधी उचलला नाही.